ऊस गोड लागला म्हणून

नरकचतुर्दशीच्या पहाटे दारात पणती लावताना तिच्यात कोणते तेल घालायचे, याचा विचार आज फारसा कोणी करीत नाही. वाण्याकडे जी पिशवी मिळते ती फोडून गृहिणी मोकळी होते. पण आपल्या आजी-पणजीच्या काळी या प्रश्नाला मुलखागणिक निराळे उत्तर होते. कोकणात उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यात जळे. देशावर कुठे करंजाचे, कुठे एरंडाचे तेल असे. खायचे तेल वेगळे आणि जाळायचे वेगळे, ही समज घरोघर होती. ओढ्याकाठच्या करंजाखाली शेंगा पडत, बायकापोरे त्या वेचून आणीत, आणि गावचा तेली त्यांचे तेल काढून देई. त्या दिव्यासाठी कोणी ज्वारीचे वावर मोडले नव्हते, की विहिरीची एक मोटही जास्त ओढली नव्हती. रानाने टाकून दिलेले उचलावे आणि त्याचा उजेड करावा, एवढाच तो व्यवहार होता.

आता ही पणती ओलांडून आपण रस्त्यावर येऊ. दिवाळीसाठी मामाच्या गावी निघालेल्या मोटारी पेट्रोलपंपावर रांग लावून उभ्या आहेत. त्यांच्या टाकीत जे पडते ते नुसते पेट्रोल नव्हे. २०२५ सालापासून आपल्या देशात त्यात पाचवा हिस्सा मद्यार्काचा, म्हणजे ज्याला आज सर्वजण इथेनॉल म्हणतात त्याचा असतो. हा मद्यार्क उसातून, मक्यातून आणि तांदळातून निघतो. म्हणजे शेतातल्या इंधनावर चालण्याचा पणतीचा धर्म मोटारीनेही स्वीकारला, असे म्हणावयास हरकत नाही. प्रथमदर्शनी गोष्ट मोठी आनंदाची वाटते. परदेशी तेलाचे पैसे वाचतात, शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळते आणि जमिनीखालचा काळा धूर आकाशात जायचा थोडा कमी होतो. परंतु पणतीची भूक आणि मोटारीची भूक यांत अंतर आहे. त्या अंतराने जगातल्या कोणकोणत्या मातीवर, पाण्यावर आणि माणसांवर काय काय बेतले, त्याची कहाणी सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

पिकाच्या तेलावर यंत्र चालविण्याची कल्पना आजकालची नाही. इ. स. १९०० मध्ये पॅरिस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे ओटो कंपनीने मांडलेले एक लहानसे डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालत होते. रुडॉल्फ डिझेल याने पुढे १९१२ साली ही हकीकत स्वतः सांगितली. इंजिन इतके सुरळीत चाले की तेल बदलले आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. ही सूचना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग उदंड पिके. तिथल्या तिथे इंजिनाचे खाद्य मिळाले तर बाहेरून कोळसा न्यायला नको, असा तो हिशेब होता. त्या हिशेबात एक गोष्ट मात्र कोणी मांडली नव्हती. इंजिनाने शेंगदाणे खाल्ले तर आफ्रिकेतल्या माणसांनी काय खावे? तेव्हा खनिज तेल स्वस्त होते, म्हणून प्रश्न तेथेच राहिला. तो पुन्हा उठला तो पाऊण शतकानंतर, आणि तोही अशा देशात, जेथे ऊस चारशे वर्षांपूर्वीच जाऊन बसला होता.

तो देश म्हणजे ब्राझील.

पोर्तुगीज लोक १५०० साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्या किनाऱ्यावर हजारो मैल घनदाट अरण्य पसरलेले होते. १५३२ मध्ये साओ व्हिसेंते येथे त्यांनी पहिली वसाहत केली आणि लवकरच तेथे उसाचा घाणा फिरू लागला. मग पर्नांबुको प्रांतात तर उसाचे राज्यच झाले. ऊस लावायला अरण्य तोडायचे, आणि रस आटवायला त्याच अरण्याची लाकडे चुलाणात घालायची, असा दुहेरी घाव पडू लागला. आपल्याकडे गुऱ्हाळ लागले म्हणजे चुलवाण कसे धडधडते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना शेकडो घाण्यांखाली तीन शतके काय जळाले असेल याची कल्पना येईल. या कामासाठी आफ्रिकेतून माणसे धरून आणली जात. ब्राझीलमध्ये अशी पन्नास लाखांच्या आसपास माणसे गुलाम म्हणून उतरविली गेली, आणि ती प्रथा कायद्याने बंद झाली ती १८८८ साली.

ईशान्य ब्राझीलमधल्या त्या किनारपट्टीला आजही 'झोना दा माता' म्हणतात. त्याचा अर्थ 'अरण्याचा पट्टा'. नाव अरण्याचे आहे, आणि नजर पोचेल तेथवर ऊस आहे. आपल्याकडेही वडगाव नावाच्या गावात वड उरलेला नसतो, तशातलाच हा प्रकार. त्या सबंध किनारी अरण्याचा आज आठवा हिस्सा काय तो उरला आहे. याचे सारे खापर उसावर फोडणे न्यायाचे होणार नाही. मागाहून कॉफीचे मळे आले, गुरांची कुरणे आली, शहरे वाढली. पण कुऱ्हाडीचा पहिला घाव उसासाठी पडला, हे खरे.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा हुकूम ब्राझीलने १९३१ सालीच काढला होता. बाहेरून येणाऱ्या पेट्रोलमध्ये पाच टक्के मद्यार्क घालावा, असा तो हुकूम होता. साखर पडून राहिली होती, तिला वाट काढून द्यायची होती. तोवर गोष्ट पणतीसारखीच होती. जे उरते ते जाळावे. साखर करून झाल्यावर जी मळी उरते, तिच्यातून मद्यार्क काढला तर कोणाचे काय बिघडले?

खरी कलाटणी मिळाली ती १९७३ साली. अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. ब्राझील आपल्या गरजेतले बहुतेक तेल बाहेरून आणीत असे. त्याची तिजोरी रिकामी होऊ लागली. त्यातच १९७४ च्या अखेरीस आकाशाला भिडलेला साखरेचा भाव पुढच्याच वर्षी कोसळला. एकीकडे तेल महाग आणि दुसरीकडे साखर मातीमोल. तेव्हा १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तिथल्या सरकारने राष्ट्रीय मद्यार्क योजना जाहीर केली. कारखानदारांना स्वस्त कर्जे दिली, मद्यार्काचा भाव बांधून दिला, गावोगावी पंप उभे केले. १९७९ मध्ये तेल दुसऱ्यांदा भडकले, आणि त्याच वर्षी नुसत्या मद्यार्कावर चालणारी फियाट मोटार बाजारात आली. १९८५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दर दहांतल्या नऊ मद्यार्कावर चालणाऱ्या होत्या. १९७५-७६ साली तेथे सुमारे ५५ कोटी लिटर मद्यार्क निघत होता. दहा वर्षांत तो ११०० कोटी लिटरांच्या वर गेला.

वीसपट मद्यार्क म्हणजे नुसत्या उरलेल्या मळीचे काम नव्हे. आता मोटारीसाठी ऊस लावला जाऊ लागला. कथेतला पेच आहे तो येथे. उरलेले जाळणे संपले आणि जाळण्यासाठी पिकविणे सुरू झाले.

या योजनेने नद्यांचे काय केले ते पाहा. मद्यार्क काढल्यावर मागे एक काळपट, आंबूस, कढत पाणी उरते. आपल्या कारखान्यांच्या परिसरात लोक त्याला मळीचे पाणी म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागे असे दहा ते पंधरा लिटर पाणी निघते. ते नदीत सोडले की नदीतले सूक्ष्म जीव त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मासे गुदमरून वर तरंगतात. साओ पावलो प्रांतातल्या नद्यांची अशी दशा झाली, तेव्हा १९७८ साली सरकारला हे पाणी नदीनाल्यांत सोडण्यास बंदी करावी लागली. मग त्यातूनच एक शहाणपण निघाले. या पाण्यात पालाश भरपूर असते. ते बेताने उसालाच दिले तर खताचे काम होते. नदीचा शत्रू शेताचा मित्र झाला, पण बेताने दिले तरच. एकाच वावरात सारखे ओतीत राहिले की जमीन क्षारांनी भरते आणि ते पाणी झिरपून विहिरी बाटवते.

दुसरी गोष्ट आगीची. हाताने तोडणी करायची तर उसाचा पाला आधी पेटवून द्यायचा, ही तिकडची रीत. पाला जळतो, साप-विंचू जातात, तोडणाऱ्याचे काम झपाट्याने होते. पण लक्षावधी एकर रान असे दरवर्षी पेटू लागले म्हणजे काय होईल? साओ पावलोतल्या गावांवर हंगामभर काजळीचा पाऊस पडे. बायकांनी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे होऊन घरात येत. मुलांना दमा लागे. मोटारीतला धूर कमी करण्यासाठी आणलेले इंधन शेतात धूर करीत होते. अखेर २००२ साली त्या प्रांताने कायदा करून ही जाळपोळ टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले आणि तोडणीयंत्रे आली. धूर निवळला, पण ज्यांच्या हातांत कोयता होता त्यांचे हात रिकामे झाले.

त्या कोयतेवाल्यांचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८४ च्या मे महिन्यात ग्वारीबा नावाच्या गावी ऊसतोडणी मजुरांनी मोठा संप केला. मालकांनी एका पातीत पाचांऐवजी सात ओळी तोडण्याचा दंडक घातला होता. दोन ओळी जास्त म्हणजे प्रत्येक मोळीमागे पावले जास्त, दिवसाअखेर ऊस कमी आणि मजुरीही कमी. देशाची मोटार ज्या उसावर धावत होती, तो तोडणाऱ्याला दोन ओळींसाठी रस्त्यावर उतरावे लागले. हे वाचताना मला आमच्या वर्गातले बाक आठवतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा काही बाक रिकामे असतात. त्यांवर बसणारी मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तेथली गणती. मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोप्याच त्यांचे घर. हजेरीपटावर मी त्यांची नावे तशीच ठेवतो. चैत्रात काही परत येतात, काही येत नाहीत. ग्वारीबा आपल्यापासून सात समुद्रांपलीकडे आहे, असे मला म्हणूनच वाटत नाही.

इतके सांगून ब्राझीलला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मात्र कोणी समजू नये. जमेची बाजूही मोठी आहे. तिकडचा ऊस बहुतांशी पावसाच्या पाण्यावर येतो. त्याला पाटाचे पाणी फारसे लागत नाही. कारखाना उसाच्याच चिपाडावर चालतो, आणि उरलेल्या चिपाडाची वीज होते. पेट्रोलमध्ये विषारी शिसे घालण्याची गरज मद्यार्काने संपविली. २००३ पासून पेट्रोल आणि मद्यार्क कोणत्याही प्रमाणात चालवून घेणाऱ्या मोटारी तेथे निघाल्या आणि ग्राहक भावाप्रमाणे निवड करू लागला. पिकाच्या इंधनाचा जगातला सर्वांत कमी तोट्याचा नमुना कोणता, असे विचारले तर जाणते लोक ब्राझीलच्या उसाकडेच बोट दाखवितात. आणि ज्याला सर्वांत चांगला म्हणायचे त्याच्याही खात्यावर एवढे खर्ची पडलेले आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हे खाते कसे मांडावे, याची एक पद्धत २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिली. त्यांची कल्पना आपल्या सावकारी वहीसारखी आहे. झाडात आणि मातीत शेकडो वर्षांचा कार्बन साठलेला असतो. पिकासाठी रान तोडले, जाळले, नांगरले की तो एकदम हवेत जातो. हे झाले कर्ज. मग दरवर्षी त्या पिकाच्या इंधनामुळे जेवढे खनिज तेल वाचेल, तेवढा कर्जाचा हप्ता फिटला असे धरायचे. ब्राझीलमधले झुडपी माळरान मोडून ऊस लावला तर हे कर्ज फिटायला सुमारे १७ वर्षे लागतात. पण इंडोनेशिया आणि मलेशियातली पाणथळ अरण्ये तोडून पामतेलाचे मळे केले तर चारशेहून अधिक वर्षे लागतात! तेथे अरण्याखाली हजारो वर्षे न कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे जाड थर असतात. चर खणून पाणी काढले की ते वाळतात आणि पेटले तर महिनोन् महिने धुमसत राहतात. १९९७ आणि २०१५ साली तिथल्या वणव्यांच्या धुराने शेजारच्या देशांतला सूर्य झाकोळला होता. पामतेल मुख्यतः खाण्यासाठी आणि साबणासाठी जाते हे खरे. पण युरोपने २००३ पासून मोटारींत वनस्पतीचे तेल घालण्याला उत्तेजन दिले आणि त्या मागणीत भर पडली. युरोपातल्या मोटारीचा धूर कमी दिसावा म्हणून बोर्निओतल्या ओरांगउटानाचे झाड गेले. चारशे वर्षांचे कर्ज म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी काढलेले कर्ज आज आपण फेडीत बसलो आहोत, असे समजावे.

आता आपण घरी येऊ.

आपल्याकडे या गोष्टीचा एक अंक मोगली एरंडाने गाजविला. खेड्यातल्या मुलांना हे झाड ठाऊक असते. कुंपणाला लावतात, गुरे तोंड लावीत नाहीत, आणि बी खाल्ले तर विषबाधा होते म्हणून आम्ही मास्तर मंडळी मुलांना बजावीत असतो. हे मूळचे अमेरिका खंडातले झाड पोर्तुगिजांनी जगभर नेले. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरून त्याचे बी लिस्बनला जाई, आणि त्याच्या तेलाचा साबण होई, दिवे जळत. २००३ साली आपल्या नियोजन मंडळाच्या समितीने या झाडावर मोठी मदार ठेवली. एक कोटीहून अधिक हेक्टर पडीक जमिनीवर ते लावावे आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये त्याचे तेल वीस टक्के मिसळावे, अशी योजना होती. झाड चिवट आहे, कमी पाण्यावर जगते, हे खरेच. पण जगणे निराळे आणि फळणे निराळे. माळरानावर ते जगले, पण बी मूठभर आले. चांगले बी हवे तर चांगली जमीन आणि पाणी हवे, आणि ते द्यायचे तर मग भुईमूगच का लावू नये? शिवाय सरकारी दप्तरात जी जमीन पडीक, ती गावाच्या लेखी पडीक नसते. ते गायरान असते. तेथे शेळ्या चरतात, सरपण मिळते, पावसाळ्यात रानभाजी मिळते. ठरलेले साल आले आणि गेले, वीस टक्के डिझेल काही निघाले नाही. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण मी तेव्हापासून मुलांना या उदाहरणासह शिकवितो.

उसाची गोष्ट मात्र तशी फसली नाही. ती इतकी यशस्वी झाली की त्या यशानेच विचारात पाडावे.

महाराष्ट्रात पाटाचे पाणी आले ते उसासाठी आलेले नव्हते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून कालवे खणले गेले. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पण गंमत अशी झाली की, बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीचा शेतकरी पाणी घेईना. कालव्याचा खर्च निघेना. तेव्हा सरकारने बारमाही पाणी घेणाऱ्या आणि चांगली पट्टी भरणाऱ्या उसाला जवळ केले. उसाने पाणी प्यावे तितके थोडेच. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांना, पाणी सर्वांना पुरावे आणि जमीन बिघडू नये म्हणून, कालव्यांवर गटवार पाणी देण्याची पद्धत बसवावी लागली. तरीही नीरेकाठच्या कित्येक जमिनी उपळल्या, वर पांढरा खार फुटला, आणि जिथे ऊस डोलत होता तिथे लव्हाळे वाढले. दुष्काळासाठी खणलेल्या कालव्याने पिकती जमीन चोपण केली, हा इतिहासाचा कडू विनोद म्हणायचा. पुढे कृष्णाकाठानेही हाच अनुभव घेतला.

स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. त्या धुराड्याने ग्रामीण महाराष्ट्राला शाळा दिल्या, रस्ते दिले, दवाखाने दिले. माझ्यासारख्या कित्येकांचा पगार त्या गोडव्यातून आला आहे. म्हणून उसाला नावे ठेवताना जीभ अडखळते. पण जीभ अडखळली तरी गणित अडखळू नये. केंद्र सरकारच्या कृषिमूल्य आयोगाने नमूद केले आहे की, महाराष्ट्रातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्के जमीन उसाखाली असून सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी तो एकटा पितो.

आता मोटारीकडे वळू. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्यासंबंधी आपल्याकडे १९४८ सालीच कायदा झाला होता. पण नव्याने प्रयोग झाला तो २००१ मध्ये, आणि त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन आपली होती, मिरज आणि मनमाड. २०१३-१४ साली मिश्रण जेमतेम दीड टक्क्याचे होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीसवर. प्रथम मळी होती, मग जिच्यात साखर शिल्लक ठेवली आहे अशी मळी आली, मग थेट उसाचा रस आला. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने साखर पुरेल की नाही अशी धास्ती पडली, तेव्हा सरकारने एकाएकी रसापासून मद्यार्क काढण्यावर निर्बंध घातले. पुढे ते उठले, पण मोटारीचा घास दरम्यान मक्याकडे वळला होता, आणि २०२४-२५ साली मक्याचा वाटा सर्वांत मोठा झाला. मका हे कोंबड्यांचे आणि गुरांचे खाद्य. घरात अंडे महागले तर त्याचा धागा कोठवर पोचतो, हे गृहिणींनी आता पंपापर्यंत शोधायला हरकत नाही.

मिरजेचे नाव आले म्हणून एक हिशेब सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानेने व्याकुळ झाले होते. तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी भरून पाठविण्यात आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. स्थानकावर लोकांनी तिचे स्वागत केले. त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांनी ऊसही गाळला होता. आता नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला आकडा घ्या. उसाच्या वाटेने एक लिटर इथेनॉल काढायला सुमारे २८६० लिटर पाणी लागते. भागाकार सोपा आहे. मी सातवीच्या वर्गाला तो फळ्यावर घातला होता. पाच लाखांना २८६० ने भागले की उत्तर येते १७५. म्हणजे ज्या गाडीसाठी एक शहर डोळे लावून बसले होते, तिच्यातल्या सगळ्या पाण्याचे इथेनॉल केले तर चार-पाच मोटारींच्या टाक्या भरल्या असत्या. उत्तर आल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. मग एका मुलीने विचारले, "गुरुजी, गणित चुकलं तर नाही ना?"

गणित चुकले नव्हते. अर्थात ते अपुरे आहे, हेही मी मुलांना सांगितले. त्या २८६० लिटरांत काही पाऊस असतो, आणि शेवटच्या मळीपासून निघणाऱ्या मद्यार्कावर सगळे पाणी लादणे बरोबर नाही. तो साखरेसाठी लावलेल्या उसाचा उरलेला अंश असतो. पण ज्या दिवशी मोटारीसाठीच ऊस लावायचा असे ठरते, त्या दिवसापासून पाण्याचा प्रत्येक थेंब मोटारीच्या खात्यावर लिहिला पाहिजे. ब्राझीलने ऊस पावसावर वाढविला. आपण तो दुष्काळी प्रदेशात धरणाच्या आणि बोअरच्या पाण्यावर वाढवितो. योजना उचलून आणता येते, पाऊस आणता येत नाही.

मग परदेशी तेलच जाळीत राहावे काय? तसे माझे म्हणणे नाही. चार शतकांच्या या कहाणीतून एक साधी खूण हाती लागते. करंजाच्या पडलेल्या शेंगा, साखरेनंतरची मळी, चिपाड, कापणीनंतर शेतात जाळून टाकला जाणारा पेंढा, कुजलेले धान्य, शेण, अशा उरल्यासुरल्यातून जेवढे इंधन निघेल तेवढे घरचेच धन आहे. ते जरूर काढावे. पण त्याला माप असते, आणि माप असते हाच त्याचा गुण. ज्या क्षणी इंजिनाची भूक आधी ठरते आणि मग तिच्यासाठी जमीन, पाणी आणि माणसे शोधली जातात, त्या क्षणापासून कुठले तरी अरण्य, कुठली तरी नदी किंवा कुठल्या तरी शाळेतला एखादा बाक रिकामा व्हायला लागतो.

आपल्या पूर्वजांना कार्बन ठाऊक नव्हता, पण ऊस ठाऊक होता. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे ते सांगून गेले. मूळ राखले की खोडवा येतो, हे त्यामागचे साधे शेतकरी शहाणपण.

यंदा आमच्या घरी एक पणती करंजेलाची लावायची असे ठरले आहे. मुलांनी ओढ्याकाठी जाऊन शेंगा वेचून आणल्या होत्या. घाण्यावरून बाटलीभर तेल मिळाले. वास जरा उग्र आहे, आणि उजेडही काही फार नाही. पण भाऊबीजेपर्यंत पुरेल.